गेनूनानांचं आवतण

परवा ड्यूटीवरून परतले तर दाराच्या कडीत लग्नाची पत्रिका खोचलेली होती. सोनेरी कडा, वर गणपती, आणि पाकिटावर नाव म्हणून नुसतं 'सिस्टर'. अर्ध्या तासात तीच पत्रिका मोबाइलवरही आली. म्हणजे मला दोनदा बोलावलं होतं आणि खरं तर एकदाही कुणी बोलावलं नव्हतं. चहा टाकून गॅससमोर उभी होते, तेव्हा गेनूनाना आठवले. चहा उतू गेला.

"कागदाला तोंड न्हाई, सिस्टरबाई," नाना म्हणायचे. "अन् ज्याला तोंड न्हाई त्याचं कोण ऐकतंय?"

नानांना जाऊन आता दीड वर्ष होईल. फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले. तो ज्या तपासणीत वेळेवर सापडला असता, त्या तपासणीला त्यांनी गावातली बत्तीस माणसं पाठवली आणि स्वतः मात्र मागं राहिले. का राहिले ते मला माहीत आहे, आणि त्यात माझी चूक आहे. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

घोटावड्याच्या बाजूच्या एका गावात मी उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. गाव म्हणजे निम्मी भातखाचरं आणि निम्मे कारखाने. जुन्या घरांच्या मागं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या आहेत, त्यांत परप्रांतातली पोरं राहतात. मी स्वतः चिंचवडच्या कंपनीच्या कॉलनीत वाढले. आमच्याकडं बारशाचं बोलावणं जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहीत. ज्याला यायचं तो यायचा, नाही आला तर कुणाचं अडत नसे. बोलावणं हे काही शिकण्यासारखं काम आहे, हे मला नानांनी दाखवलं.

मी गावात नवीन होते. एका सकाळी केंद्राच्या दारात एक उंच, काटकुळा म्हातारा उभा. पांढरी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेला सदरा, खांद्यावर तांबडा पंचा. त्यानं तोंडातली विडी पायरीच्या दगडावर विझवली, उरलेली अर्धी टोपीच्या घडीत खोचली आणि म्हणाला, "पाटलाच्या आळीला सत्यनारायन हाय. परवाच्याला. आवतान हाय तुमाला."

मी लसीच्या नोंदी करत होते. मान वर न करता म्हटलं, "हो हो, येईन."

म्हातारा हलेना. थोड्या वेळानं म्हणाला, "बाई, आवतान उभ्यानं द्येत न्हाईत, अन् मान खाली घालून घेत न्हाईत. बसू का?"

मग तो बसला. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर माझं नाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि ती सगळी नावं घेऊन पुन्हा पहिल्यापासून आवतण दिलं. माझ्या सासूबाईंचंसुद्धा नाव घेतलं. त्या चिंचवडला होत्या आणि सत्यनारायणाला येण्याची काहीच शक्यता नव्हती. मला तेव्हा वैताग आला होता, हे कबूल करते. पण पूजेला मी गेले. जावंच लागलं, कारण कुणीतरी माझं नाव घेऊन, माझ्या हातचं पाणी पिऊन मला बोलावलं होतं.

पूर्वी गावात आवतण देण्याचं काम ठरलेल्या घरांकडं असे. त्या घरांतली मुलं कारखान्यात लागली आणि ते काम पडलं, तेव्हा नानांनी ते आपणहून उचललं. त्यांची स्वतःची थोडी शेती होती, दोन म्हशी होत्या, मुलगा दत्ता कंपनीत होता. म्हणजे गरज अशी काही नव्हती. आवड होती. लग्न, बारसं, जागरण-गोंधळ, दहावा, काहीही असो, सकाळी धारा काढून झाल्या की नाना निघत. मारुतीच्या उजव्या हातानं सुरू करायचं आणि अख्खं गाव फिरून डाव्या हाताला संपवायचं. हातात चिठ्ठी नाही, वही नाही. कुठल्या घराला 'घरटी एक' म्हणजे एकाच माणसाचं आवतण आणि कुठल्या घराला 'चूलबंद', म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी यायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे.

पेटती विडी घेऊन नानांनी कुणाचा उंबरा ओलांडला नाही. प्रत्येक घराच्या पहिल्या पायरीवर ती विझायची आणि बाहेर पडलं की पुन्हा पेटायची. गावातल्या जुन्या घरांच्या पायऱ्या बघा, उजव्या कोपऱ्यात एक काळा डाग दिसेल. तो नानांच्या विडीचा. मला ते डाग बघून गंमत वाटायची. मी नर्स आहे. मी डाग मोजायला हवे होते.

एकदा मी विचारलं, "नाना, एवढी पायपीट कशाला? फोन करून सांगितलं तर नाही चालत?"

"फोनवर निरोप द्येत्यात," नाना म्हणाले. "आवतान म्हंजे निरोप न्हवं. आवतान म्हंजे त्या माणसाला सांगायचं का, बाबा, तू मोजन्यात हायेस. तू न्हाई आलास तर तुझी जागा रिकामी दिसंल."

या कामाचा एक नियम होता. आवतण देणाऱ्याला आवतण कोण देणार? गावभर फिरणारा माणूस कार्यवाल्याच्या घरचाच धरला जातो, त्याला कुणी वेगळं बोलवत नाही. म्हणून सगळ्यात शेवटी घरधन्यानं स्वतः येऊन त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, 'नाना, आता तुम्ही बसा.' तोवर कार्याच्या घरी नाना पाणीसुद्धा पीत नसत.

हा नियम मला माहीत होता. ऐकून नाही, डोळ्यांनी बघून. गावातल्या एका जमीनवाल्यानं मुलाचं लग्न भुकूमच्या एका लॉनवर केलं. आवतणं नानांनीच दिलेली. तिथं बुफे होता. ज्यानं त्यानं ताट घ्यायचं आणि रांगेत लागायचं. सगळं गाव जेवत होतं आणि नाना फाटकाशी हात मागं बांधून उभे होते.

"जेवलात का, नाना?"

"धनी म्हनला न्हाई अजून."

मी हसले. म्हटलं, "अहो, बुफेत कोण कुणाला म्हणतं?"

"व्हय, तेबी खरं," नाना म्हणाले आणि तेही हसले. आणि तसेच उपाशी पिरंगुटपर्यंत एसटीनं आणि तिथून चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी काकींचं, म्हणजे नानांच्या बायकोचं, बीपी बघायला गेले होते. तेवढ्यात तो जमीनवाला लाडवांचा डबा घेऊन आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. तो अगदी रडकुंडीला आला होता. नाना त्यालाच समजावत होते, "आरं, माझं पोट जरा बिघडल्यालंच व्हतं. जेवनारच न्हवतो मी." तो गेल्यावर काकी मला हळूच म्हणाल्या, "कुटलं पोट अन् कुटलं काय. आल्याव तीन भाकरी खाल्ल्या."

समोरच्याच्या मनाला टोचणी राहू नये म्हणून नाना खोटं बोलत. त्यांचं खोटं बोलणं मी पाहिलं ते एवढ्यासाठीच. हे ध्यानात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

पुढं एका कंपनीनं पैसे दिले आणि पुण्यातल्या एका दवाखान्यानं आमच्या भागासाठी फुफ्फुसाच्या तपासणीचं शिबिर ठरवलं. पन्नाशीच्या पुढचे, वीस-पंचवीस वर्षं विडी-सिगारेट ओढलेले, भट्टीत किंवा धुळीत काम केलेले, अशांचा कमी किरणांचा स्कॅन करायचा. त्रास सुरू व्हायच्या आधी. गाडी गावातून नेणार, संध्याकाळी आणून सोडणार, सगळं फुकट. छातीच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, तळमळीच्या होत्या. त्यांनी मला नीट समजावलं: हा आजार लहान असतो तेव्हा गप्प असतो, आणि बोलायला लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आम्ही पत्रकं छापली. एका बाजूला गुलाबी फुफ्फुस, दुसऱ्या बाजूला काळं. रिक्षावर भोंगा लावून दोन दिवस गावात फिरवला. ठरलेल्या सकाळी गाडी आली आणि तीत पाच माणसं चढली. त्यातल्या एकाला पुण्यात दात काढायचा होता, आयती गाडी मिळाली म्हणून बसला. पत्रकांचं काय झालं ते मला दुकानात कळलं. शेंगदाण्याच्या पुडीवर ते काळं फुफ्फुस माझ्याकडं बघत होतं.

मग मी घरोघर जाऊन विचारलं. कुणी म्हणालं, "काय हुतंच न्हाई तर जायाचं कशाला?" कुणी म्हणालं, "निगालं म्हंजे?" एकाला वाटत होतं की डॉक्टर फक्त विडीवरून शिव्या घालणार. महादू नावाच्या माणसानं तर मला दारातच थांबवलं. त्याच्या मुलीचं लग्न जमण्याच्या बेतात होतं. बापाला काही निघालं तर स्थळ हातचं जाईल, अशी त्याला धास्ती. मी चिडून घरी आले. माणसं मरायला बसली आहेत आणि यांना स्थळाची पडली आहे, असं नवऱ्याजवळ म्हणालेसुद्धा.

मॅडमनी महिन्याभरानं पुन्हा गाडी द्यायचं कबूल केलं. मी नानांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. नानांनी विडी विझवली.

"ह्या कार्याचा धनी कोन?"

"धनी कसला, नाना? दवाखान्याचं काम आहे."

"दवाखाना हितं येनार हाय का? मानसं कुनाच्या सबदाव येनार?"

"मग मीच म्हणा."

"मंग झालं. तुमच्या नावानं द्येतो."

आम्ही दोघांनी तिथंच बसून यादी केली. नाना मारुतीच्या उजव्या हातानं एकेक घर सांगत गेले, मी वहीत लिहीत गेले. कोण किती वर्षांपासून ओढतो, कुणाचा बाप खोकून खोकून गेला, कोण भट्टीवर होता. यादीत गाव फिरून नानांच्या घरापाशी आलो तेव्हा काकींनी चहा आणला. मी वही मिटली. म्हटलं, आपलं घर काय, कधीही लिहू.

दोन सकाळी मीही त्यांच्याबरोबर हिंडले. नाना आजाराचं नाव काढत नव्हते, फुफ्फुसाचं तर नाहीच. बसायचे, पाणी मागायचे, घरच्यांची नावं घ्यायचे. "मंगळवारी सकाळी सातला मारुतीपाशी गाडी हाय. सिस्टरबाईंचं आवतान हाय. तुझी खिडकीची जागा धरलीय."

शंकर मिस्त्रीनं आयुष्य लोखंड ओतायच्या भट्टीच्या वाळूत काढलेलं. तो उसळून म्हणाला, "मला काय धाड भरलीया का?"

"भरली न्हाई म्हनून तर बलावतोय," नाना शांतपणे म्हणाले. "धाड भरल्याव कोन आवतान द्येतंय? तवा उचलून नेत्यात."

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "खिडकीची नक्की का?"

हौसाक्काचं नाव यादीत नव्हतं. ती सत्तरीची विधवा, सुना-नातवंडांत वावरणारी. गोठ्याच्या मागं जाऊन विडी ओढायची हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नानांना माहीत होतं, कारण कधीमधी विडी तेच द्यायचे. नाना तिच्या सुनेदेखत म्हणाले, "चुलीच्या धुरानं ज्यांच्या छात्या भरल्यात त्या बायास्नीबी बलावलंय. आक्का, तू मोजन्यात हायेस." हौसाक्कानं एकदा माझ्याकडं आणि एकदा नानांकडं बघितलं आणि पदर सावरून हो म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाना, असं काही ठरलेलं नाही."

"चूल फुकली न्हाई का तिनं जलमभर? मंग? ठरवा आता."

मी मॅडमना फोन केला आणि ते ठरवून घेतलं.

महादूकडं मी नानांच्या मागं जरा अंग चोरूनच गेले. नानांनी त्याला तपासणीला ये असं म्हटलंच नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं आवतान म्याच देनार हाय गावात. त्या दिशी इचारतील लोकं, पोरीचा बाप कुटं हाय? तवा तू मांडवात उभा पायजेस. येवढंच." महादूची बायको आतून म्हणाली, "जातील ते मंगळवारी." माझ्या पत्रकावरच्या फुफ्फुसाला जे जमलं नव्हतं, ते एका पाण्याच्या तांब्यावर झालं.

मंगळवार उजाडला. सातला गाडी आली तेव्हा मारुतीपाशी जत्रा जमावी तशी माणसं. नाना धुतलेल्या सदऱ्यात, नव्या टोपीत, चपला पुसून आलेले. कार्याला शोभेलसे. मला कौतुक वाटलं. एकेकाला हाक मारून त्यांनी आत बसवलं. मिस्त्रीला खिडकी मिळाली. बत्तीस माणसं झाली. मागून दुसऱ्या बाकावर एक जागा उरली, तिच्यावर एक तांबडा पंचा टाकलेला होता, एसटीत जागा धरायला टाकतात तसा. मला वाटलं, कुणी मागाहून येणारं असेल.

मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. हातात फाइली, तोंडात सूचना. मिस्त्रीनं मागून विचारलं, "नाना येत न्हाईत का?"

आणि मी म्हणाले, "नाना काय, घरचेच आहेत. ते पुढच्या वेळी."

नाना गाडीच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. ते आत चढले, मागं गेले, बाकावरचा पंचा उचलून खांद्यावर टाकला आणि उतरले. मग तळहातानं गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. "जाऊ द्या."

आरशात मला ते दिसत होते, पाराजवळ उभे, टोपीतली अर्धी विडी काढताना.

तीन आठवड्यांनी सगळ्यांचे अहवाल आले. एकोणतीस जण साफ होते, दोघांना वर्षानं पुन्हा बोलावलं, आणि एकीच्या फुफ्फुसात वाटाण्याएवढा डाग होता. हौसाक्का. तिचं ऑपरेशन झालं आणि आज ती ठणठणीत आहे, सुनेवर ओरडते. मी ही बातमी नानांना सांगितली तेव्हा त्यांनी मारुतीला नारळ फोडला. मॅडमनी माझा सत्कार केला, शाल दिली. शाल मी घेतली.

वर्ष गेलं. महादूच्या मुलीचं लग्न निघालं आणि ठरल्याप्रमाणं आवतण द्यायचं काम नानांकडं आलं. पण नानांचा आवाज बसलेला होता. दीड महिना झाला तरी सुटत नव्हता. सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता. मी म्हटलं, पुण्याला चला. ते कुजबुजले, "लगीन हू द्या."

ते त्याही वेळी सगळ्या गावात फिरले. बसायचे, पाणी प्यायचे, ओठ हलायचे. माणसं वाकून, कान जवळ नेऊन आपापलं नाव ऐकून घ्यायची. कुणीही 'कळलं कळलं, राहू द्या' असं म्हटलं नाही. प्रत्येकानं पूर्ण आवतण घेतलं.

लग्नाच्या दिवशी पंगत बसली. मुलीचा बाप म्हणजे केवढी धांदल, पण महादू ती सगळी टाकून मांडवाच्या कडेला आला, नानांचा हात धरला आणि म्हणाला, "नाना, आता तुमी बसा."

मी समोरच्या पंगतीत होते. घास हातात तसाच राहिला. मला गाडीतल्या बाकावरचा तो पंचा आठवला.

पुण्याला नेलं ते मीच. मॅडमनी स्कॅन बघितला आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. डाव्या फुफ्फुसातली गाठ आवाजाच्या शिरेपर्यंत गेली होती, आणि पुढं हाडांतही. "हे मागच्या वर्षी शिबिरात नव्हते का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "का?" त्या म्हणाल्या. "तेव्हा दिसलं असतं का?" मी विचारलं. मॅडमनी स्कॅन पाकिटात घातला. "खात्रीनं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

चार दिवसांनी मी धीर करून नानांच्या ओट्यावर गेले. ते बाजेवर पडले होते. विडी सुटली होती. टोपीची घडी रिकामी होती.

"नाना, त्या मंगळवारी तुम्ही का नाही आलात?" मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं. शिक्षा त्यांच्या तोंडून हवी होती बहुतेक.

"तुमी म्हनला न्हाईत," नाना कुजबुजले. आणि हसले.

"मी तुम्हाला घरचं समजले, नाना."

"समजलात त्ये बरंच केलंत. पर घरच्यालाबी हात धरून उठवावं लागतं जेवाया." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "येवढं मनाला लावून घेऊ नगा. म्हनला आसता तरी आलो आसतो का, मलाच ठावं न्हाई. भ्या वाटतंच की मानसाला. मला आपलं निमित्त घावलं."

त्या वाक्याला धरून मी बरेच दिवस काढले. नाना घाबरले होते, नियमाचं निमित्त झालं, मी बोलावलं असतं तरी ते आले नसते. ड्यूटीवर जाता-येता मी हे स्वतःला सांगत होते आणि मला झोप लागत होती.

पावसाळा सरल्यावर तिसरी गाडी ठरली. आता आवतण कोण देणार? नानांनी मला बोलावून घेतलं आणि बाजेवरून घरं सांगितली, मारुतीच्या उजव्या हातानं. मग म्हणाले, "पैलं ह्या घरचं द्या." दत्ता तेव्हा पन्नाशीला टेकला होता आणि कंपनीच्या फाटकाबाहेर सिगारेटी ओढत होता.

मी उभ्या उभ्या सुरू करणार तेवढ्यात नानांनी बोट खाली केलं. मी बसले. पाणी मागितलं. काकी आत तांब्या भरायला गेल्या आणि मी पेला घ्यायला त्यांच्या मागं गेले. पाणी ओतता ओतता काकी सहज म्हणाल्या, "दत्त्याला उपाशी पाटवू का खाऊन? मागच्या टायमाला त्येंनी काय बी खाल्लं न्हवतं. चा सुदिक न्हाई. म्हनलं, तपासनीला रिकाम्या पोटी जावं लागतंय. मंग तसंच म्हागारी आलं. इचारलं तर म्हनले, गाडीत जागा न्हवती."

म्हणजे नाना त्या दिवशी यायच्या तयारीनंच आले होते; 'निमित्त घावलं' हे लाडवांच्या वेळच्या बिघडलेल्या पोटासारखंच होतं. मी भरलेला पेला घेतला.

बाहेर आले तेव्हा नाना माझ्याकडं बघत होते. त्यांनी ऐकलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी खाली बसले, पाणी प्यायले, दत्ताचं नाव घेतलं, काकींचं घेतलं, कारण चूल त्यांनीही जन्मभर फुंकली होती, सुनेचं घेतलं, आणि शेवटी नानांचंही घेतलं. नानांनी मान हलवून चौघांचंही आवतण घेतलं. मी रडत होते आणि त्यांनी मला रडू दिलं.

मंगळवारी गाडी भरली तेव्हा दत्तानं आणि मिस्त्रीनं नानांची बाज उचलून रस्त्याकडेला आणून ठेवली. नानांचाच हट्ट होता. काकी खिडकीशी बसल्या, दत्ता त्यांच्या शेजारी. सून नानांपाशी थांबली होती. मी माणसं शेवटची एकदा मोजली आणि नानांपाशी गेले. त्यांचा हात धरला. काय म्हणायचं ते मला माहीत होतं, पण ते आता म्हणण्यात अर्थ नव्हता, आणि म्हटल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"नाना," मी म्हटलं, "आता तुम्ही."

नानांनी माझा हात थोडा वेळ धरून ठेवला. मग सोडला, गाडीकडं बोट केलं, म्हणजे उशीर होतोय. मी चढले. गाडी सुरू झाली, तेव्हा मी आरशात बघितलं नाही, दारातून मान बाहेर काढून बघितलं. नाना कुशीवर वळले होते. त्यांनी हात उचलला आणि बाजेच्या लाकडावर तळहातानं दोनदा थाप मारली. इंजिनाच्या आवाजात ती ऐकू आली नाही. ओठ मात्र मला दिसले. जाऊ द्या, म्हणत होते.